आधारची झेरॉक्स मागणाऱ्या सर्वांना एका झेरॉक्सवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
लॉजचे मॅनेजर, सोसायट्यांचे सेक्रेटरी, शाळा-कॉलेजांचे कारकून, क्लासचे चालक, घर भाड्याने देणारे मालक आणि ‘आधारची एक झेरॉक्स देऊन ठेवा’ असं सांगणारे सगळेच,

स. न. वि. वि.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीसमोरच्या ओळीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान टाकलं २००९ साली. तेव्हा रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र, सातबारा आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या झेरॉक्सवर घर चालायचं. मग २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि तिथल्या एका बाईंना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. आम्हाला फार अभिमान वाटला होता. देशाच्या कामाची सुरुवात आमच्याकडून झाली, असं कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना सांगत होतो. दोनेक वर्षांत मशीनच्या काचेवर आधार सोडून दुसरं काही येणंच कमी झालं. आज दिवसभरात निघणाऱ्या कागदांत निम्म्याहून जास्त आधारच असतात.

तरीही हे पत्र लिहितो आहे ते एवढंच सांगायला, की आधारची झेरॉक्स मागणं थांबवा. आधार बघा, नीट तपासून घ्या, हवं तर आजच्याहून कडक तपासा. पण त्याचा कागद ठेवून घेऊ नका. तुम्ही ऐकलंत तर माझा धंदा बसेल हे मला कळतं, माझ्या बायकोलाही कळतं. तिच्याशी बोलूनच लिहितो आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही घरचे चौघं देवदर्शनाला गेलो होतो. एका लॉजवर उतरलो. मॅनेजरने चौघांची आधार कार्डं मागितली, मागच्या खोलीत नेऊन झेरॉक्स काढली, कार्डं परत दिली. सकाळी निघताना बिल मागितलं तर त्याने ड्रॉवरमधून अर्धा कागद काढला आणि त्यावर हिशोब मांडला. रूम, चहा आठ, जास्तीची गादी एक. पैसे देऊन कागद घडी घालायला म्हणून उलटा केला, तर पलीकडून एक बाई माझ्याकडे बघत होत्या. साधारण पन्नाशीच्या, डोक्यावर पदर. खाली त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, गाव, तालुका, पिनकोड. आणि बारा आकडे, चार-चारच्या तीन गटांत, एकही पुसट नाही.

मी मॅनेजरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, “जुने आहेत हो ते. वर्ष झालं की पाठकोरे म्हणून कामाला येतात.” त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. चांगला माणूस होता, रात्री उशिरा आलो तरी माझ्या आईसाठी त्याने गरम पाणी करून दिलं होतं. त्याच्या लेखी त्या कागदाचं काम संपलं होतं. बसमध्ये बसल्यावर बायको म्हणाली, “आपलेही चार कागद पुढच्या वर्षी कुणाच्या तरी बिलामागे जातील.” घरी येऊन मी तो कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा केला. पण त्या ड्रॉवरमध्ये वीतभर उंचीचा गठ्ठा होता, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, नंबर कळला तर काय बिघडलं? हा प्रश्न मला दुकानातही रोज विचारतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुलै २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले तेव्हा माझं दुकान सकाळी सातला उघडायचं आणि रात्री अकराला बंद व्हायचं. पाड्यांवरून बाया यायच्या. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात आणि रुमाल कमरेला. पुढे पैसे जमा व्हायला लागले तेव्हा त्याच बाया परत आल्या. महिन्याचे १५०० रुपये आले म्हणतात, पण पासबुकात दिसत नाहीत. शोधल्यावर निघायचं, की बाईंनी अर्जात एक बँक लिहिली आणि आधार जोडलेलं होतं दुसऱ्याच बँकेच्या जुन्या खात्याला. पैसे तिकडे गेलेले. कारण ती रक्कम नाव-गाव बघून येत नाही, आधार क्रमांकाला जे खातं जोडलंय तिथे येते. म्हणजे तो बारा आकडी नंबर हाच त्या बाईच्या पैशांचा पत्ता.

आणि पैसे काढायचे कसे? पाड्यावर एटीएम नाही. बँकेचा माणूस छोटं यंत्र घेऊन बसतो. त्याला बँकेचं नाव सांगायचं, आधार नंबर सांगायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा. पैसे हातात. पिन नाही, मोबाइलवर ओटीपी नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसासाठी ही सोय खरोखर मोठी आहे. माझी आई तिच्यामुळे स्वतःचे पैसे स्वतः काढते, माझ्याकडे हात पसरत नाही. या सोयीला माझा काडीचा विरोध नाही. पण तीन गोष्टींवर चालणाऱ्या या कुलपाची एक किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये पाठकोरी पडली आहे. बँकेचं नाव काढणं अवघड नसतं. उरला अंगठा. तेलंगणात २०१८ साली एका सिमकार्ड विकणाऱ्याला पोलिसांनी पकडलं, त्याने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांचे रबरी शिक्के केले होते आणि त्यावर लोकांच्या नावाने सिमकार्डं चालू केली होती. त्यानंतर असेच नकली ठसे वापरून खात्यातले पैसे काढल्याच्या तक्रारी किती तरी राज्यांतून आल्या. आधार क्रमांक नसेल तर नुसत्या ठशाचा त्या चोराला काही उपयोग नाही.

(जाता जाता, अंगठ्याचं हे कुलूप आपल्याला स्वतःला बंद करून ठेवता येतं. बायोमेट्रिक लॉक म्हणतात त्याला. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर होतं, पैसे काढायच्या वेळी थोडा वेळ उघडायचं. अडचण आली तर १९४७ हा हेल्पलाइनचा नंबर, स्वातंत्र्याचं साल म्हणून लक्षात राहतो. गिऱ्हाइकाला दोन मिनिटं असतील तर मी हे करून देतो.)

बरं, एवढी जोखीम घेऊन तुम्हाला त्या झेरॉक्समधून मिळतं काय? माझ्या धंद्याची शपथ घेऊन सांगतो, काहीच नाही. कागदावर छापलेलं आधार कुणीही बदलू शकतं. महिन्यातून एखादा तरी माझ्या काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणतो, “भाऊ, जन्मतारखेचं साल तेवढं बदलून झेरॉक्स द्या ना, कुणाला कळतंय.” मी देत नाही. पण त्याचं म्हणणं खोटं नाही, खरंच कुणाला कळत नाही. एकदा काढलेल्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं करत करत चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका उरलेला असतो आणि तरी तो कागद तुमच्या फाइलला लागतो, वर ‘तपासले’ असा शिक्का पडतो. त्यात जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही बरेच जण आधारच मागतात. आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सांगितलं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं वय ग्राह्य धरलं. नागरिकत्वाचा पुरावा तर ते कायद्यानेच नाही.

खरं आधार ओळखायची सोय कार्डावरच आहे आणि तीच कुणी वापरत नाही. तो चौकोनी काळा-पांढरा क्यूआर कोड. गेल्या पावसाळ्यात आमच्या इथल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी भाडेकरूंच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आले, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढायच्या म्हणून. निवृत्त मास्तर आहेत, काटेकोर माणूस. मी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि म्हटलं, सर, एक गंमत दाखवतो. माझं स्वतःचं कार्ड काढलं, त्यांच्याच मोबाइलमध्ये आधार प्राधिकरणाचं मोफत अ‍ॅप टाकलं, मग नेट बंद केलं आणि कॅमेरा त्या कोडवर धरला. दोन सेकंदांत त्यांच्या पडद्यावर माझा फोटो, नाव, पत्ता आणि जन्मतारीख आली. सर म्हणाले, “नेट तर बंद आहे माझं.” नेट लागतच नाही त्याला. ती सगळी माहिती त्या कोडमध्येच भरलेली असते आणि तिच्यावर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. कार्डावर कुणी नाव खोडून दुसरं छापलं तर कोडमधून निघालेलं नाव जुळत नाही. कोडच बनावट असेल तर अ‍ॅप तो घेत नाही. आणि सरांना जी गोष्ट सगळ्यात जास्त पटली ती ही, की त्या कोडमध्ये पूर्ण आधार क्रमांक नसतो, फक्त शेवटचे चार आकडे असतात. म्हणजे माणूस खरा आहे हे कळतं आणि त्याच्या पैशांचा पत्ता आपल्याकडे राहत नाही.

सरांनी त्यांच्या गठ्ठ्यातली पहिली झेरॉक्स घेतली आणि तिचा कोड लावून बघितला. लागला नाही. दुसरी, तिसरी, चौथी, एकही नाही. सगळ्या झेरॉक्सच्या झेरॉक्स होत्या. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गठ्ठा परत पिशवीत घातला आणि ‘येतो’ म्हणून गेले. आता त्यांच्या वहीत भाडेकरूचं नाव, मूळ पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे, तपासल्याची तारीख आणि दोघांच्या सह्या एवढंच असतं. एक वही, तीही कपाटात कुलपात.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांकडे कुठे असतो मोबाइल? लागतच नाही त्यांना. मोबाइल लागतो तपासणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, आणि तो तुमच्या खिशात आहे. आजीबाईंच्या हातात नुसतं कागदाचं किंवा प्लॅस्टिकचं कार्ड असलं तरी पुरतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्यासाठी तर २०२५ मध्ये नवं आधार अ‍ॅप आलं आहे, त्यात पत्ता झाकून फक्त नाव आणि फोटोही दाखवता येतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती दाखवताना केंद्रीय मंत्र्यांनी हेच सांगितलं होतं, की हॉटेलात, दुकानात, विमानतळावर झेरॉक्स देण्याची गरज राहणार नाही. तुमच्या काउंटरपर्यंत ते पोचलेलं नाही एवढंच.

उलट ज्या थोड्या लोकांनी काळजी घ्यायला सुरुवात केली त्यांना तुम्ही परत पाठवता, याचं मला फार वाईट वाटतं. या जूनमध्ये एक मुलगी आली, बारावी झालेली, वडील ऊसतोडीला जाणारे. तिने स्वतः संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून आणलं होतं. त्यात पहिल्या आठ आकड्यांच्या जागी फुल्या असतात, शेवटचे चार तेवढे दिसतात. प्राधिकरणानेच दिलेली सोय आहे ही, नंबर झाकलेला असला तरी ते अस्सल आधारच असतं. मी प्रिंट काढून दिली आणि मनातून तिचं कौतुक केलं. तासाभरात ती परत आली. कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं होतं, “नंबर खोडलेलं चालणार नाही, पूर्ण पाहिजे. आणि दोन प्रती आण.” मेरिटची मुलगी, पण त्या खिडकीपुढे वाद घालायची तिची हिंमत झाली नाही. मीच दोन प्रती काढून दिल्या. त्या माझ्याच हाताने काढल्या याची बोच अजून आहे.

त्या खिडकीवरच्या साहेबांना कायद्याचं दोन ओळीत सांगतो. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आधारचा निकाल दिला. सरकारी अनुदान आणि कल्याणकारी योजनांसाठी आधार मान्य केलं, पॅनला जोडणंही मान्य केलं, पण बँक खातं आणि सिमकार्डासाठीची सक्ती रद्द केली, शाळाप्रवेशासाठी आधार बंधनकारक करता येणार नाही असं सांगितलं आणि खासगी कंपन्यांना आधार पडताळणीची मोकळीक देणारी तरतूद काढून टाकली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीत बँक आणि मोबाइलसाठी ते ऐच्छिक म्हणून परत आलं. त्याच दुरुस्तीत असंही लिहिलं आहे, की जो कुणी अशी ऑफलाइन (म्हणजे क्यूआर बघून, नेटशिवाय) पडताळणी करतो त्याने आधार क्रमांक गोळा करू नये, वापरू नये, साठवू नये, आणि ओळखीचा दुसरा कुठला पर्याय चालेल तेही माणसाला सांगावं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तुमच्या कपाटातले गठ्ठे उद्या तुमच्याच गळ्याशी येणार आहेत.

सरकारकडूनही यात घोळ झाला आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. २७ मे २०२२ ला, शुक्रवारी, प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने पत्रक काढलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड आधार द्या, हॉटेलं आणि चित्रपटगृहांना झेरॉक्स ठेवून घ्यायचा अधिकार नाही. रविवारी ते मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. नेहमीची सावधगिरी बाळगा, एवढंच सांगितलं. सोमवारी माझ्या दुकानात लोक विचारायला लागले, नेमकं काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही. लोक घाबरतील म्हणून खरी गोष्ट मागे घ्यायला नको होती, असं माझं आजही मत आहे. दोन दिवस लोक घाबरले असते, पण सवय मोडली असती.

सवय मोडते, हे दुसरीकडे झालं आहे. एस्टोनिया नावाचा युरोपातला देश आहे, वस्ती साधारण १३ लाख, म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्याहून कमी. तिथे २००२ पासून चिप असलेलं ओळखपत्र दिलं जातं. ओळख पटवायला एक पिन, सही करायला दुसरा. औषधाची चिठ्ठी, बँक, कर, घरबसल्या मतदान, सगळं त्यावर. तिथल्या कार्डाची झेरॉक्स कुणाला सापडली तरी चिप आणि पिन नसताना त्यातलं काहीच करता येत नाही. आणि आपली सरकारी नोंद कुणी, कधी उघडून बघितली ते तिथला माणूस स्वतः तपासू शकतो. २०१७ मध्ये त्यांच्या साडेसात लाखांच्या आसपास कार्डांच्या चिपमध्ये दोष निघाला, तर सरकारने तो स्वतःहून जाहीर केला आणि कार्डांची प्रमाणपत्रं बदलून दिली. आपल्याकडेही आपला आधार क्रमांक कुठे कुठे पडताळला गेला त्याची यादी संकेतस्थळावर बघता येते. पण झेरॉक्स कुणाच्या ड्रॉवरमध्ये गेली, ते त्या यादीत कधीच येणार नाही.

माझ्या धंदाबंधूंनाही यात धरतो. लोक आपल्याला आधारची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आपण ती कॉम्प्युटरवर घेऊन प्रिंट मारतो आणि फाइल तिथेच राहते. ई-आधार उघडायला पासवर्ड लागतो, पण तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. दोन्ही गोष्टी गिऱ्हाईक आपल्याला तोंडीच सांगतं. लॉजवरून परत आल्यावर मी माझा डाउनलोडचा फोल्डर उघडला. तीन वर्षांचे आधार होते त्यात. शेजारच्या काकूंचं, तलाठ्यांचं, माझ्या मुलाच्या मित्राचं. रात्री एक वाजेपर्यंत बसून सगळे काढून टाकले, व्हॉट्सअ‍ॅपमधलेही. आता रोज शटर ओढण्याआधी पहिलं काम तेच. तुम्हीही करा, दहा मिनिटं लागतात.

लॉजवाल्यांना पोलिसांसाठी नोंद ठेवावी लागते हे मला माहीत आहे. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, ओळखपत्र कोणतं आणि शेवटचे चार आकडे लिहून घ्या, क्यूआर तपासून घ्या. आणि येणाऱ्याने लायसन्स किंवा मतदान ओळखपत्र पुढे केलं तर ‘आधारच पाहिजे’ म्हणून अडवू नका. क्लासवाल्यांना तर पोराची फी आणि पालकाचा मोबाइल नंबर यापलीकडे आधार कशाला लागतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

राहिला प्रश्न जुन्या गठ्ठ्यांचा. ते रद्दीत घालू नका, पाठकोरे म्हणून वापरू नका, मुलांना चित्रं काढायला देऊ नका. मी गेल्या महिन्यात कागदाचे बारीक तुकडे करणारं यंत्र घेतलं आहे. रविवारी दुपारी माझं दुकान बंद असतं, पण मी आत असतो. आमच्या गावचे जे कुणी असतील त्यांनी गठ्ठे घेऊन यावं, तुमच्या डोळ्यांदेखत तुकडे करून देईन, पैसे घेणार नाही. येताना मोबाइल चार्ज करून आणा, क्यूआर कसा तपासायचा तेही तिथेच दाखवतो. सेक्रेटरी सर पहिल्या रविवारीच दोन पिशव्या घेऊन आले होते.

कळावे,
आपला नम्र,
तहसील कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला